नंबरबाईंची रांग

माझ्या सासूबाईंना त्यांच्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. माझ्या नवऱ्याच्या आणि माझ्या त्या आई, आमच्या बिट्टीच्या आजी आणि बाकीच्या सगळ्या गावाच्या नंबरबाई. रस्त्याने त्यांच्याबरोबर चालायचं म्हणजे दर वीस पावलांवर थांबावं लागतं. कुणीतरी अनोळखी माणूस समोर येतो नि म्हणतो, "नंबरबाई, ओळखलंत का? माझं अपेंडिक्स!" सासूबाई चष्म्यावरून बघतात आणि म्हणतात, "तू मध्ये घुसायचास." बहुतेक वेळा ते खरंच निघतं.

एकतीस वर्षं त्या सरकारी दवाखान्यात, केसपेपरच्या खिडकीशेजारी एका स्टुलावर बसल्या. शिक्षण सातवीपर्यंत. नोकरीला लागल्या तेव्हा त्यांचं काम फक्त रांग सरळ ठेवायचं होतं. लोक पहाटेपासून उभे असायचे. म्हातारी माणसं रांगेतच मटकन खाली बसायची, ताप आलेली मुलं आईच्या खांद्यावर झोपून जायची, तरी रांग मोडायची नाही. शेजारी बाक रिकामे असायचे आणि त्यावर कुणी बसायचं नाही. सासूबाईंनी ते दोन महिने पाहिलं आणि त्यांच्या लक्षात आलं की ही माणसं डॉक्टरसाठी उभी नाहीत, आपली जागा जाईल या भीतीने उभी आहेत. मग त्यांनी घरातल्या पत्र्याच्या डब्यांची झाकणं कापली, कडा घासून बोथट केल्या, खिळ्याने एक ते चाळीस आकडे ठोकले आणि दुसऱ्या दिवशी येईल त्याच्या हातात एकेक बिल्ला ठेवला. अर्ध्या तासात सगळे बाकांवर बसलेले. मोठे डॉक्टर बाहेर आले ते गोंधळले. त्यांना वाटलं, आज पेशंटच नाहीत.

त्यांची पुकारही ठरलेली होती. "बारा आत, तेरा दाराशी, चौदा बाह्या वर!" म्हणजे बारा नंबर डॉक्टरांसमोर, तेरा उंबरठ्याला, आणि चौदाने रक्तदाब बघण्यासाठी आधीच बाही सरकवून तयार राहायचं. कुणी हजर नसलं की थांबणं नाही. "तेरा गेले, चौदा या." चहाला गेलेले तेरा धावत आले, तरी त्यांना तीन जणांनंतर घ्यायच्या. आमदाराचा मेहुणा असला तरी तीन जणांनंतर.

त्या निवृत्त झाल्या त्या वर्षी दवाखान्यात भिंतीवर लाल आकड्यांची विजेची पाटी लागली. बिल्ले भंगारात निघाले होते. सासूबाईंनी ते सुतळीत ओवून घरी आणले आणि कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवले. चाळीसच्या चाळीस. एकतीस वर्षांत एक हरवला नाही, हे त्या सांगतात तेव्हा त्यांचा आवाज जरा वर चढतो.

आता बिट्टीबद्दल. बिट्टी साडेसात वर्षांची, दुसरीत आहे. तिची छाती लहानपणापासून नाजूक. हवा बदलली की श्वासाला शिट्टी लागते. पण ती सांभाळत आम्ही चाललो होतो. शाळा घरापासून पाचशे पावलांवर, आजीचं बोट धरून जायची, बोट धरून यायची. गेल्या वर्षी शाळेसमोरची जुनी गोदामं पाडली आणि तिथे तीन उंच इमारतींचं काम सुरू झालं. तळघरासाठी खोल खड्डा खणायचा होता. अवजड वाहनांना शहरात सकाळी अकरापर्यंत बंदी. त्यामुळे अकराच्या ठोक्याला बावीस रिकामे डंपर माती भरून न्यायला एकदम यायचे. साईटच्या फाटकातून आत एका वेळी एकच जाणार. बाकीचे एकवीस शाळेच्या भिंतीला लागून उभे, एकामागे एक, इंजिनं चालू.

शाळेची मधली सुट्टी साडेअकराला. सुटते एकला.

मी एकदा फाटकाशी उभी राहून पाहिलं. डंपरच्या सायलेन्सरचं तोंड आणि बिट्टीचं तोंड बरोबर एका उंचीवर होतं. त्या दिवसापासून माझी झोप गेली. डॉक्टरांनी एक फुंकायची नळी दिली होती. जोरात फुंकर मारली की तिच्यावरचा काटा सरकतो आणि छाती किती मोकळी आहे ते कळतं. सकाळ-संध्याकाळ मी कॅलेंडरवर आकडा लिहायचे. पूर्वी दोनशेच्या आसपास असायचा. दोन महिन्यांत तो एकशे साठवर आला. डॉक्टर म्हणाले, "महिनाभर पाहू. काटा एकशे नव्वदच्या वर टिकला नाही, तर शाळा बदला. औषध वाढवत नेण्यापेक्षा ते बरं."

मी गप्प बसणाऱ्यातली नाही. सात अर्ज केले, सगळे टाईप करून, दोनशे पालकांच्या सह्यांसकट. प्रत्येकाला तेच उत्तर आलं, आपला अर्ज पुढे पाठवण्यात आला आहे. पुढे म्हणजे कुठे, ते अजून कळलेलं नाही. शेवटी मी गावाच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेचा प्रवेश अर्ज आणला. अकरा किलोमीटर, बसने तास. महिन्याच्या शेवटच्या दिवशी तो भरून द्यायचा होता. बिट्टीने तो टेबलावर पाहिला आणि एवढंच विचारलं, "तिथे मला न्यायला आजी येणार का?"

"आजीला एवढ्या लांब कसं जमेल गं?"

सासूबाईंनी अर्ज उचलला, उलटसुलट बघितला आणि परत जागेवर ठेवला.

नंतर एका दुपारी मी भांडले. धूर लागू नये म्हणून मी त्या दिवसांत बिट्टीला पाचशे पावलांसाठी मोटारीतून नेत होते, काचा वर करून. तिला गाडीत बसवलं आणि शेजारच्या डंपरच्या दारावर मी मूठ आपटली. वर एक जाड मिशांचा, पन्नाशीचा ड्रायव्हर होता. सगळे त्याला उस्ताद म्हणायचे, हे नंतर कळलं.

"इंजिन बंद करा! लहान मुलं आहेत इथे, दिसत नाहीत का?"

"करतो की बंद," उस्ताद वरून म्हणाला. "मग तुम्ही ढकलणार का, बाई?"

मागचे दोन-तीन ड्रायव्हर खिदळले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागाने. तेवढ्यात माझ्यामागून सासूबाईंचा आवाज आला. त्यांच्या खांद्यावर बिट्टीचं दप्तर होतं.

"का हो, बंद का नाही करत? खरंच विचारते."

उस्तादने त्यांच्याकडे पाहिलं आणि तो खाली उतरला. मला वाटतं, एवढ्या दिवसांत हा प्रश्न त्याला प्रश्न म्हणून कुणी विचारलाच नव्हता. माझ्या सातही अर्जांत तो नव्हता.

"आजी, पुढचा सरकला की सरकावं लागतं. नाही सरकलो, तर मागचा घुसतो. आणि या जुन्या गाड्या. बंद केली की ब्रेकची हवा उतरते. हवा भरल्याशिवाय गाडी जागची हलत नाही. हवा भरायला पाच-सात मिनिटं जातात, तोवर नंबर गेला."

"नंबर गेला," सासूबाई म्हणाल्या.

"हो ना. मग खेप गेली."

घरी येताना त्या गाडीत मागे बसल्या होत्या. मागच्या काचेतून डंपरांची रांग बघत होत्या. मग म्हणाल्या, "अगं, ही तर माझीच रांग आहे."

"म्हणजे?"

"बाक रिकामे आणि माणसं उभी." त्या पुढे म्हणाल्या, "आणि तू मघाशी भांडायला उतरलीस ना, तेव्हा तुझी गाडीही चालूच होती."

मी आरशातून त्यांच्याकडे पाहिलं. आत बिट्टीला गार वारा मिळावा म्हणून ठेवली होती चालू, हे मी सांगणार होते. सांगितलं नाही. आमच्या मागे शाळेसमोर त्या वेळी आणखी चौदा-पंधरा गाड्या उभ्या होत्या, काचा वर, इंजिनं चालू. प्रत्येकीत एक-एक बिट्टी.

दुसऱ्या दिवसापासून तीन दिवस सासूबाई घडीचं स्टूल घेऊन साईटच्या पहारेकऱ्याच्या पत्र्याखाली जाऊन बसल्या. नाकावर रुमाल, हातात वही. कोणता डंपर कधी आला, कधी आत गेला, कधी भरून निघाला, ते लिहीत होत्या. नवरा म्हणाला, "आई, कशाला त्या धुळीत? आम्ही बघतो ना."

"तुम्ही बघताच आहात," त्या म्हणाल्या. "तुमचं बघून झालं की सांगा."

तिसऱ्या दिवशी त्या मुकादमापुढे उभ्या राहिल्या. तो फाटकावर असायचा, तिशी-पस्तिशीचा, कानाला सतत फोन. मी बरोबर होते, वही धरायला.

"सहा मिनिटांत गाडी भरते," सासूबाई म्हणाल्या, "आणि त्यासाठी चाळीस मिनिटं उभी राहते. वळणापलीकडे तुमच्या लोखंडी सळयांचं आवार आहे, अर्धं रिकामं. सगळ्या गाड्या तिथे थांबवा, बंद करून. मी बिल्ले देते. इथली मोकळी झाली की तुम्ही फोन करा, मी पुढची पाठवते."

मुकादम हसला. "आजी, ही साईट आहे. दवाखाना नाही."

"तेच म्हणतेय. दवाखान्यात माणसं शेवटचे श्वास मोजत यायची, तरी नंबराने बसायची. तुझे तर सगळे धडधाकट आहेत."

त्याने फोन खाली घेतला आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही नंबरबाई का? मी लहान असताना माझा हात मोडला होता. मी केवढा रडत होतो, तरी तुम्ही मला आत सोडलं नव्हतं."

"तुझ्या आधी कुणाचं तरी डोकं फुटलेलं असणार."

मुकादमाने मान हलवली. "होतं खरं. रक्त गळत होतं त्याचं."

आदल्याच आठवड्यात एका पालकाची गाडी आणि डंपर घासले होते. भांडणात अर्धा दिवस काम बंद पडलं होतं. रोजची कटकट त्यालाही नको होती. "एक दिवस देतो," तो म्हणाला. "फसलं तर परत या फाटकाशी दिसायचं नाही."

आणि तो दिवस फसला.

मी मुद्दाम रजा घेऊन आवाराच्या कोपऱ्यात उभी होते. कपाटातले बिल्ले सासूबाईंनी आदल्या रात्री चिंच-मीठ लावून घासले होते. अकराला डंपर आले, ड्रायव्हरांनी हसत हसत बिल्ले घेतले. एकाने कपाळाला लावून दाखवला. सवयीप्रमाणे गाड्या एकामागे एक, नाकाला शेपूट लावून उभ्या केल्या आणि इंजिनं बंद केली. पहिल्या सहा गाड्या सुरळीत गेल्या. मला वाटलं, झालं, जमलं.

"सात!" सासूबाईंनी पुकारलं.

सात आले नाहीत. गाडी होती, कुलूप लावलेली. ड्रायव्हर कोपऱ्यावर चहाला गेला होता, आरामात, कारण हातात बिल्ला होता. बिल्ला हातात असला की माणूस निर्धास्त होतो, हे सासूबाईंनीच गावाला शिकवलं होतं.

"सात गेले, आठ या!" एकतीस वर्षांच्या सवयीने त्या म्हणाल्या.

आठच्या खिडकीतून डोकं बाहेर आलं. "कुठून येऊ आजी? उडून?"

सगळं आवार हसलं. सातच्या मागे पंधरा डंपर अडकले होते. उजवीकडे सळयांचे ढीग, डावीकडे भिंत. साईटवर पोकलेनवाला काम नाही म्हणून खोदाईच्या यंत्रावरून खाली उतरला. पंचवीस मिनिटं खड्ड्यात एक टोपलंभर माती हलली नाही. सात नंबर चहा पिऊन शिट्टी वाजवत परत आला, तोवर बाकीच्यांनी मागच्या मागे गाड्या काढल्या होत्या आणि हॉर्न वाजवत शाळेच्या भिंतीशी पुन्हा तीच रांग लावली होती. मधली सुट्टी चालूच होती. मुकादम लांबून ओरडला, "झालं समाधान, आजी?"

त्या संध्याकाळी बिट्टीचा काटा एकशे पन्नास. मी आकडा कॅलेंडरवर लिहिला आणि खाली प्रवेश अर्जाची तारीख होती तिच्याभोवती गोल केला. अठरा दिवस उरले होते. सासूबाईंनी तो गोल पाहिला.

जेवताना नवरा हळूच म्हणाला, "जाऊ दे आई. तू केलंस तेवढं खूप झालं."

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून हे वाक्य मी लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं. "पेशंट बाकावरून उठतो आणि दुसऱ्याच्या गुडघ्यांवरून निघून जातो. मी डंपरला पेशंट समजले. डंपरला कुणाचे गुडघे ओलांडता येत नाहीत."

जेवण झाल्यावर त्यांनी बिट्टीचे लाकडी ठोकळे मागून घेतले. टेबलावर ते आडवे लावले, उभे लावले, भिंतीला टेकवले. मग प्रत्येक ठोकळा तिरका केला, सगळ्यांची तोंडं बाहेरच्या बाजूला. बिट्टीने मधला एक बोटाने दाबून धरला. "हा सात. हा चहाला गेलाय."

सासूबाईंनी आठ काढला. नऊ काढला. दहा काढला. सात तिथेच राहिला, कुणाला न अडवता.

"पिऊ दे चहा," त्या म्हणाल्या.

सकाळी दहाला त्या चुन्याची पिशवी घेऊन आवारात गेल्या. बंदीची वेळ होती, अजून एकही डंपर यायला नको होता, पण उस्ताद त्याची गाडी शहराबाहेर ठेवून सायकलवर आला होता. मी त्याला पाहून सावध झाले. तो मात्र सासूबाईंच्या हातातली पिशवी घेऊन म्हणाला, "काल तासभर बंद गाडीत बसलो, आजी. किती दिवसांनी कान शांत झाले. धूर आम्हीपण खातोच ना, पोरांपेक्षा जास्तच. दाखवा, कुठे रेघा मारायच्यात?"

"तुला काल का सुचलं नाही हे?"

"तुम्ही विचारलं कुठे? तुम्ही नंबर पुकारत होतात."

सासूबाई हसल्या. मग दोघांनी मिळून तिरक्या रेघा मारल्या. उस्ताद पावलांनी अंतर मोजत होता आणि त्या मागून चुना सोडत होत्या. गाडीला वळायला किती जागा लागते, ते त्याला डोळे मिटून माहीत होतं. सळयांचे दोन ढीग हलवावे लागणार होते. त्यासाठी मुकादम हवा होता. तो आला, रेघा बघितल्या, उस्तादकडे बघितलं.

"तूपण यांच्यात सामील?"

"साहेब, उभी राहणार गाडी माझी. मी बोलायला नको?"

"अर्धा दिवस," मुकादम म्हणाला. "फक्त अर्धा."

"शाळा सुटते एकला," सासूबाई म्हणाल्या. "अर्धाच हवाय."

अकराला डंपर आले. बिल्ला हातात देताना सासूबाई प्रत्येकाला सांगत होत्या, "तोंड बाहेर, गाडी बंद, चहा खुशाल." फाटकावरून मुकादमाचा फोन आला की त्या उभ्या राहायच्या, आणि त्यांचा तो दवाखान्यातला आवाज सळयांवर आपटून परत यायचा. "बारा आत, तेरा दाराशी, चौदा हवा भरा!"

हे मला फार आवडतं. बाह्या वरऐवजी हवा भरा. चौदा नंबर तिथे आवारातच इंजिन सुरू करायचा, शाळेपासून लांब. त्याची हवा भरेपर्यंत त्याची पाळी यायची. त्या दिवशी सात नंबर पुन्हा चहाला गेला. "सात गेले, आठ या," सासूबाई म्हणाल्या आणि आठ आला, उडून नव्हे, चाकांवर. सात परत आल्यावर तीन गाड्यांनंतर. त्याने वाद घालून पाहिला. बाकीच्या ड्रायव्हरांनीच त्याला गप्प केलं.

साडेअकराला मी शाळेच्या भिंतीशी गेले. रस्ता रिकामा होता. मी इतकी घाबरट आहे की आधी मला वाटलं, काहीतरी अपघात झाला असणार. मग मैदानातला आवाज ऐकू आला, मुलांचा. कित्येक महिने तो डंपरच्या घरघरीखाली दबला होता.

अर्ध्या दिवसाचा पूर्ण दिवस झाला, दिवसाचे आठवडे. पहिल्याच संध्याकाळी मुकादमाने खेपा मोजल्या, तेव्हा त्या रोजच्यापेक्षा तीन जास्त निघाल्या. दुसऱ्या दिवशी त्याने पिवळं शिरस्त्राण आणि चमकत्या पट्ट्यांचं जाकीट आणून दिलं. ते शिरस्त्राण आता आमच्या दारामागे, नवऱ्याच्या छत्रीशेजारी टांगलेलं असतं. त्यावर रंगाने लिहिलंय: नंबर. त्याला 'बाई' लिहायला जागा पुरली नाही.

पालकांच्या गाड्यांना बिल्ला नव्हता. त्यांना सासूबाईंची नजर पुरत होती. एकला त्या आवारातून जेवायला घरी यायच्या त्या शाळेवरूनच, शिरस्त्राण घालून. चालू गाडी दिसली की खिडकीवर टकटक आणि तोच प्रश्न, "का हो, बंद का नाही करत? खरंच विचारते." निम्मे लोक लाजून बंद करायचे. निम्म्यांना त्या ओळखायच्याच. "तुझा जन्म मी पुकारलाय," असं त्यांनी एका मोठ्या गाडीतल्या गृहस्थाला ऐकवलं. मी तर आठवड्यातच गाडी घरी ठेवून बिट्टीबरोबर चालायला लागले. मधल्या सुट्टीत मुलांचा नवा खेळ सुरू झाला होता. कुणी डंपर, कुणी फाटक, आणि बिट्टी नेहमी नंबरबाई. तिला दुसरं काही व्हायला सांगितलं की ती म्हणायची, "माझी आजी आहे ती, तुमची नाही."

काटा मात्र घाईत नव्हता. एकशे साठ. एकशे पासष्ट. दोन दिवस पुन्हा एकशे पंचावन्न, कारण वारा होता आणि खड्ड्यातली धूळ उडत होती. ती थांबवणं बिल्ल्यांच्या हातात नव्हतं. सासूबाई मुकादमाच्या मागे लागल्या आणि दुपारी रस्त्यावर पाणी मारून घेऊ लागल्या. एकशे ऐंशी. शेवटच्या आठवड्यात एकशे पंच्याऐंशी, नव्वद, पंच्याण्णव, पंच्याण्णव. अजून रात्री मध्येच उठून मी तिच्या छातीला कान लावते. शिट्टी कमी आहे. गेलेली नाही.

आणि महिन्याचा शेवटचा दिवस आला. काटा एकशे नव्वदच्या वर जाऊन जेमतेम चार दिवस झाले होते. डॉक्टरांना फोन केला, तर ते म्हणाले, "सुधारतंय. माझ्या मते थांबायला हरकत नाही. पण निर्णय तुमचा." निर्णय माझा म्हटलं की मला धडकीच भरते. चार दिवसांवर मुलीची छाती कशी सोपवायची? खड्डा अजून दोन महिने चालणार होता. मी कुणाला न सांगता अर्ज पर्समध्ये घातला आणि दुसऱ्या टोकाच्या शाळेत गेले.

तिथे मोठी चकचकीत खोली होती, ओळीने खुर्च्या. दाराशी कागदी नंबर मिळाला. चौदा. माझ्या शेजारी एक बाई बसल्या होत्या. मांडीवर एक मुलगा, हातात पंधरा नंबर. त्या सारख्या दाराकडे बघत होत्या. "ऐकलंत का," त्या मला म्हणाल्या, "दुसरीत एकच जागा उरलीय म्हणे. आमची बदली झालीय हो, घराजवळ दुसरी शाळाच नाही."

मी खिडकीबाहेर पाहिलं. समोर बांधकाम नव्हतं, झाडं होती. झाडांखाली शाळेच्या चार बस उभ्या होत्या, सुटायला अजून वेळ होता, इंजिनं चालू. त्यांच्यामागे पालकांच्या गाड्या, काचा वर. वर्गाच्या खिडक्या त्या बसना लागूनच होत्या. इथेही बिट्टी त्याच धुरात बसणार होती. फरक एवढाच की तो हटवायला इथे कुणी स्टूल टाकून बसलेलं नव्हतं.

"चौदा!" आतून हाक आली.

मी उठले. शेजारच्या बाईंनी मुलाला घट्ट धरलं.

"चौदा गेले," मी म्हणाले. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "पंधरा या."

त्या बघतच राहिल्या. मग एकदम उठल्या आणि माझ्या पायांवरून आत धावल्या.

बाहेर पडताना मी पहिल्या बसपाशी थांबले. ड्रायव्हर स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला होता. "का हो," मी विचारलं, "बंद का नाही करत? खरंच विचारते." त्याने डोळे उघडले आणि बॅटरीबद्दल काहीतरी लांबलचक सांगायला सुरुवात केली. मी सगळं ऐकून घेतलं.

घरी पोचले तेव्हा सासूबाई बाल्कनीत जाकीट झटकत होत्या. बिट्टी टेबलाशी बसून नळीत फुंकर मारत होती. "दोनशे!" ती ओरडली. मी जाऊन पाहिलं. एकशे अठ्ठ्याण्णव होते, पण मी काही बोलले नाही.

"कुठे होतीस?" सासूबाईंनी विचारलं.

"रांगेत."

त्यांनी माझ्या पर्सकडे पाहिलं. अर्जाचा कोपरा बाहेर आला होता. झटकायचं थांबल्या. "मग?"

"नंबर सोडला."

"सोडला म्हणजे? कुणाला दिलास, की तसाच वाया घालवलास?"

"पंधराला दिला."

"मग ठीक आहे," सासूबाई म्हणाल्या आणि जाकीट दारामागे टांगायला आत गेल्या.